रुईची गाठ आणि यंत्राची नजर



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘कारखान्यातील दोष आणि त्यांवरील देखरेख’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “विषय चांगला आहे, पण परभणीत कारखाने कोठे आहेत?” प्रश्न रास्त होता. कारखाना म्हटला की मोटारी, औषधे, मोठमोठ्या शेड आणि पाळीचे भोंगे डोळ्यांपुढे येतात, आणि तसले आपल्याकडे फारसे नाही. पण दिवाळीनंतर सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी या गावांतून कोणी एक चक्कर मारून यावी. कापसाच्या गाड्यांच्या रांगा, पांढऱ्या डोंगरासारख्या गंज्या, आणि रात्रंदिवस चाललेली जिनची घरघर. हे कारखानेच आहेत. शेतातला कापूस एका दाराने आत जातो. सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे उडते, आणि शेवटी लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली १७० किलोंची गाठ बाहेर येते. त्या गाठीत दोष शिरतो तो कोठून, आणि शिरण्यापूर्वीच त्याला कसे अडवावे, एवढाच आजचा विषय आहे. चैत्रातली ही वेळही त्याला बरी. हंगाम उरकला आहे, रोलर उतरवून ठेवले आहेत. हंगामात असले काही बोलावे तर मालक म्हणतात, “आधी गाडी खाली करू द्या.”

आमचा धंदा यंत्रदुरुस्तीचा. जिनच्या घरात आमची पुष्कळ वर्षे गेली. त्या अवधीतील एक गोष्ट प्रथम सांगतो. जिनचे नाव सांगत नाही, कारण चूक जेवढी त्या जिनची होती तेवढीच आमचीही होती. एके वर्षी दक्षिणेकडील एका सूतगिरणीकडून तक्रार आली. पत्राबरोबर कापडाचा एक तुकडा होता. गडद निळा, चांगला घट्ट विणलेला. उजेडात धरला की त्यात केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा दिसत. कापड रंगवले, पण त्या रेघांनी रंग घेतला नव्हता. आम्ही पुष्कळ विचार केला. कच्चे तंतू असतील, रंगाऱ्याची चूक असेल, गिरणी पैसे कापण्यासाठी निमित्त शोधत असेल, असे नाना तर्क झाले. शेवटी गिरणीच्याच माणसाने सांगितले की तो खताच्या पिशवीचा धागा आहे. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पिशवीची एखादी पट्टी निघते, कापसात मिसळते, जिनमधून रुईबरोबर जाते, आणि गिरणीत पिंजताना तिचे शेकडो तंतू होऊन ते सुतात पसरतात. कापसाला चढणारा रंग त्या प्लॅस्टिकला चढत नाही. सूत पांढरे आहे तोवर कोणाला काही दिसत नाही. कापड रंगले, की चोर उघडा पडतो. पण तोवर त्यावर कातणाऱ्याची, विणणाऱ्याची आणि रंगाऱ्याची मजुरी खर्च झालेली असते.

आता थोडा हिशेब करू. एक ग्रॅम वजनाचा धागा १७० किलोंच्या गाठीत असला, तर तो १,७०,००० भागांतला एक भाग झाला. गाठीतून मूठभर रुई नमुना म्हणून काढली आणि प्रयोगशाळेत तपासली, तर तो धागा त्या मुठीत सापडण्याचा संभव किती? जवळजवळ नाहीच. तंतूची लांबी, बळकटी, बारीकपणा, कचऱ्याचे प्रमाण या गोष्टी नमुन्यावरून उत्तम कळतात, कारण त्या गाठीभर सारख्या पसरलेल्या असतात. भात शिजला की नाही हे एका शितावरून कळते. परंतु भातात एकच खडा असेल, तर तो शितावरून कसा कळणार? तो दाताखाली आल्यावरच कळतो. आमच्या धंद्यात हे दोन दोष निरनिराळे आहेत हे ओळखण्यातच आमची कित्येक वर्षे गेली. शिताचा दोष आणि खड्याचा दोष. दोहोंवरील उपाय वेगळे, आणि दोहोंवरील पहाराही वेगळा.

दोषांची तक्रार काही आजची नव्हे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. भाव आकाशाला भिडले, आणि त्याबरोबर गाठींत वाळू, सरकी आणि पाणीही भिडले. म्हणून मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. पुढे १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जिन-प्रेस कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालावा, असे त्यात बंधन होते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो ब्रिटिश कायदा इकडचा नव्हता. पण त्यामागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. दोष सापडला तर तो कोणत्या दारातून आला हे कळले पाहिजे. आज गाठीवर जी चौकोनी ठिपक्यांची क्यूआर खूण लावतात, ती त्याच अनुक्रमांकाची पणती म्हणावी. २०२० च्या ऑक्टोबरात ‘कस्तुरी’ या नावाने भारतीय कापसाची मुद्रा जाहीर झाली. त्या योजनेत गाठीवर अशीच खूण असते. ती मोबाईलने वाचली, की गाठ कोणत्या जिनची आणि तिच्या रुईचे गुण काय, हे कळावे असा हेतू आहे. खूण लावल्याने दोष जात नाही, एवढे मात्र विसरू नये. पाकिटावर पत्ता स्वच्छ लिहिला म्हणून आतला मजकूर सुधारत नाही.

येथे आम्हांस १९२४ हे साल फार मौजेचे वाटते. त्या साली तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या आणि एकीला दुसरीची वार्ता नव्हती. मुंबईस माटुंग्याला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने कापसाची प्रयोगशाळा काढली. तीच आजची सिरकॉट. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रे करणाऱ्या कंपनीतील वॉल्टर श्यूहार्ट या शास्त्रज्ञाने आपल्या वरिष्ठाला एका पानाचे टिपण पाठविले. त्यात दोषांवर पाळत ठेवण्याच्या आलेखाची आकृती होती. आणि जपानात साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने असा स्वयंचलित माग पुरा केला, की ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबावा. हाच टोयोडा, ज्याच्या घराण्याने पुढे मोटारी केल्या. १९२९ साली त्या मागाचे हक्क ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. त्या काळी सूतकताईची यंत्रे जगभर विकणारे हे इंग्लंडचे प्रसिद्ध घराणे. त्यांना जपानी सुताराच्या पोरापुढे हात पसरावा लागला!

श्यूहार्टची कल्पना घरातल्या भाकरीवरून सहज समजते. आपल्या घरी रोज भाकरी होते. कोणत्याही दोन भाकऱ्या अगदी सारख्या नसतात. एखादी जरा जाड, एखादी जरा करपलेली. हा फरक रोजचाच. त्याला एक असे कारण नसते. पीठ, पाणी, हात, जाळ या सर्वांचा थोडाथोडा खेळ असतो. पण एके दिवशी ओळीने पाच भाकऱ्या चिरल्या, तर सासूबाई ताबडतोब ओळखतात की आज ज्वारी जुनी आहे किंवा पाणी गार घेतले आहे. पहिला फरक नैसर्गिक, दुसऱ्याला शोधता येण्याजोगे कारण आहे. या दोहोंमधील सीमारेषा अंदाजाने नव्हे, तर गणिताने काढावी, आणि मोजमाप त्या रेषेबाहेर गेले तरच हात घालावा, असे श्यूहार्टने सांगितले. १९४७-४८ च्या सुमारास प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून तो हिंदुस्थानातही येऊन गेला. पुढे आपल्या कापडगिरण्यांत या शास्त्राचा बराच प्रसार झाला. जिनपर्यंत मात्र ते फारसे पोचले नाही. जिन म्हणजे केवळ सरकी काढण्याचा उद्योग, त्यात शास्त्र कसले, अशी समजूत होती.

शास्त्र आहे ते असे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुहेरी रोलरचे जिन असते. चामड्याच्या चकत्या दाबून बसविलेला रोलर फिरतो, त्याच्या खरबरीत अंगाला तंतू चिकटतात, आणि रोलरला टेकलेल्या स्थिर सुरीखालून ते ओढले जातात. सरकी जाड असल्यामुळे सुरीशी अडते. हलती सुरी तिला वरखाली ठोके देते, आणि तंतूंपासून सुटून ती जाळीतून खाली पडते. एवढेच काम. पण सुरीचा दाब जास्त झाला तर रोलर तापतो, तंतू भाजतो, चामडे झिजते, वीज जास्त खर्च होते. दाब कमी झाला तर सरकीला तंतू राहतात आणि उतारा घटतो. दोन सुऱ्यांचे अंतर चुकले तर सरकी फुटते. तिच्या टरफलाचे कण रुईत जातात आणि पुढे सुतात काळे ठिपके होऊन दिसतात. कापूस फार कोरडा असला तर तंतू तुटतो. फार ओला असला तर रोलरवर गुंडाळतो. शेकडा सहा ते आठ ओलावा असला म्हणजे जिनचा चेहरा प्रसन्न असतो. हे सर्व दोष शिताचे आहेत. ते हळूहळू येतात, आगाऊ वर्दी देऊन येतात. प्रश्न एवढाच, की वर्दी कोणाला ऐकू येते?

आमच्या उमेदीच्या काळातील उस्ताद मिस्त्रींना ती ऐकू येई. चोवीस जिनांच्या ओळीतून ते हात पाठीमागे बांधून चालत, आणि अकराव्या जिनपाशी थबकून म्हणत, “हिची सुरी बघा.” आवाजावरून त्यांना कळे. मग बेअरिंगच्या घरावर हात ठेवून ते मनात आकडे मोजत. किती आकडे होईतो हात टिकतो, यावरून उष्णता ठरे. हल्ली ज्याला हुशार देखरेख म्हणतात, ती म्हणजे त्या उस्तादांचा हात आणि कान. फरक एवढाच, की तो हात चोवीस जिनांवर एकाच वेळी ठेवलेला असतो आणि रात्री दोन वाजताही तो पेंगत नाही. मोटार किती वीज खेचते हे मोजणारे एक लहान साधन, उष्णता मोजणारे एक, कंपन मोजणारे एक, आणि कापसाचा ओलावा मोजणारे एक. त्यांचे आकडे क्षणाक्षणाला एका पडद्यावर येतात. सुरीचा दाब वाढला की मोटारीचा विद्युत्प्रवाह वाढतो. त्यामुळे रोलर तापण्यापूर्वीच पडद्यावरची रेषा वर सरकताना दिसते. तंतू भाजल्यावर शोध करण्यापेक्षा भाजण्यापूर्वी सुरी सैल करणे केव्हाही शहाणपणाचे.

आता आमची चूक सांगतो. एका जिनमध्ये असे आकडे पहिल्यांदा दिसू लागले, तेव्हा आम्ही इतके हुरळून गेलो, की आकडा जरा वर गेला की सुरी सैल करी, जरा खाली आला की आवळी. पंधरा दिवसांत ती ओळ पूर्वीपेक्षा वाईट चालू लागली. उतारा एका दिवशी चांगला, दुसऱ्या दिवशी पडलेला. श्यूहार्टच्या भाषेत बोलायचे तर नैसर्गिक चढउताराला आम्ही खास कारण समजलो, आणि प्रत्येक भाकरीनंतर जाळ कमीजास्त करीत बसलो. मग एका जुन्या पाटीवर तीन रेषा आखल्या. मधली सरासरीची, वरची आणि खालची मर्यादेची. आकडा दोन रेषांच्या आत आहे तोवर हात खिशात ठेवायचा, असा नियम केला. हात खिशात ठेवणे हे यंत्रदुरुस्तीतले सर्वांत अवघड काम आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पडदा असो वा पाटी, रेषा नसेल तर आकड्यांनी माणूस केवळ घाबरा होतो.

शिताच्या दोषाचे हे झाले. खड्याच्या दोषाला रेषा चालत नाही. खताच्या पिशवीचा धागा आगाऊ वर्दी देत नाही. सुतळीचा तुकडा, पतंगाचा मांजा, ओढणीची रंगीत चिंधी, तंबाखूची रिकामी पुडी, डोक्याचा केस, ही मंडळी एकेकटी येतात. जगातील सूतगिरण्यांच्या संघटनेकडून वेळोवेळी पाहण्या होत आल्या आहेत. त्यांत अशा परक्या वस्तूंबद्दल आपल्या देशाच्या कापसाच्या नावाने पुष्कळ बोटे मोडली गेली आहेत. गुणाने चांगला असलेला कापूस केवळ या बदनामीमुळे कमी भावाला मागितला जातो. येथे एकच उपाय चालतो. प्रत्येक मूठ पाहणे.

प्रत्येक मूठ आजवर कोणी पाहिली? बायकांनी. जिनच्या आवारात गंजीपाशी किंवा सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बसून कचरा वेचणाऱ्या बायका आपण पाहिल्या असतील. तोंडाला पदर, डोळ्यांत धूळ, आणि समोरून पांढरा प्रवाह अखंड वाहतो आहे. पांढऱ्यावर नजर ठेवून पाहा, श्रोतेहो. थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी येते. मग पुडी सुटते आणि मुकादम ओरडतो, “झोपलीस काय?” ती झोपलेली नसते. मनुष्याच्या डोळ्याची ती मर्यादा आहे, आणि डोळ्याच्या मर्यादेचा दंड मजुरीतून कापणे हा आमच्या मते अन्याय आहे.

या ठिकाणी कॅमेरा उपयोगी पडतो. अमेरिकेत टेक्सास प्रांतातील लबक येथे सरकारी कृषिसंशोधकांनी जिनसाठीच एक युक्ती केली आहे. तिकडे कापूस यंत्राने वेचतात आणि त्याचे प्रचंड गठ्ठे रंगीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेतात ठेवतात. त्या प्लॅस्टिकचे तुकडे रुईत येऊ लागले, आणि ज्या अमेरिकन कापसाच्या स्वच्छतेचा दाखला आपणांस दिला जाई, त्यालाही आपलाच रोग जडला. (यात समाधान मानण्याजोगे काही नाही, पण मनुष्यस्वभाव आहे.) त्यांनी जिनच्या तोंडाशी, जेथे कापूस पातळ थरात घसरतो तेथे, स्वस्तातले कॅमेरे बसविले. रुईत न शोभणारा रंग दिसला, की त्याच क्षणी हवेचा एक झोत सुटतो आणि तो तुकडा बाहेर फेकला जातो. आपल्याकडील मोठ्या सूतगिरण्यांतही पिंजणीच्या ओळीत अशी यंत्रे पुष्कळ दिवसांपासून आहेत. पण गिरणीत येईतो प्लॅस्टिकचे तंतू झालेले असतात. जिनपाशी ते अद्याप अखंड तुकड्यात असते, आणि त्यापूर्वी तर ती अखंड पिशवीच असते. जितके मागे जावे, तितका चोर मोठा आणि पकडायला सोपा.

कॅमेऱ्याला ओळखायला शिकवावे लागते, आणि तेही लहान मुलाला शिकवावे तसे. हजारो चित्रे दाखवून हे पान, ही बोंडाची पाकळी, ही सुतळी, ही पुडी असे सांगावे लागते. टेक्सासची चित्रे त्याला पुरणार नाहीत. तेथे पतंगाचा मांजा नाही, खताची आपली पिशवी नाही, तंबाखूची पुडी नाही. आपल्या कचऱ्याची ओळख आपणच करून दिली पाहिजे, आणि ती ओळख सर्वांत चांगली कोणाला आहे? त्या वेचणाऱ्या बायकांना. त्यांनी हंगामभर काढलेला कचरा आपण जाळून टाकतो. तो पोत्यांत भरून ठेवला, कशाचे किती याची नोंद केली, तर यंत्राला शिकविण्याची पोथी घरातच तयार होईल. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, महबूब बागेत कापसाचे संशोधन केंद्र आहे, अभियांत्रिकी शिकणारी मुले आहेत. एखाद्या हंगामात विद्यार्थ्यांनी आणि या बायकांनी मिळून ते काम करावे, अशी आमची सूचना आहे.

या यंत्रावर आमची अंधश्रद्धा नाही, हेही सांगतो. पांढऱ्या रुईवर पांढरे प्लॅस्टिक साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी निराळा प्रकाश टाकावा लागतो. भिंगावर तासाभरात धूळ बसते. वीज गेली की पहारेकरी झोपतो, आणि आपल्याकडे वीज किती जाते हे उन्हाळ्यात सांगण्याची गरज नाही. आणखी एक. जे यंत्र खोटी वर्दी देते, त्याची घंटा कामगार चिंधी कोंबून बंद करतात. ठिणगी ओळखणाऱ्या साधनाच्या बाबतीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, की ठिणगी उडते आणि हवेच्या नळातून आग गंजीपर्यंत धावते; म्हणून ते साधन. दिवसातून दहा वेळा विनाकारण घंटा वाजली आणि अकराव्या दिवशी कोणीतरी तार काढून ठेवली. दोष त्या माणसाचा नव्हता. लावून दिलेल्या साधनाची मर्यादा कोणी ठरवूनच दिली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. जिनच्या दारात येण्यापूर्वी कापूस शेतात असतो, आणि निम्म्याहून अधिक भांडण तेथलेच आहे. शेतात वेचणीची मजुरी किलोवर असते. जी बाई भराभर वेचील, पानासकट वेचील, दवाने ओला असतानाच वेचील, तिला जास्त पैसे मिळतात. जी निवडून, कोरडा, पाला झटकून वेचील, तिची मजुरी कमी पडते. म्हणजे कचऱ्याला आपण मजुरी देतो आणि स्वच्छतेला दंड करतो. मग वेचलेला कापूस खताच्या पिशवीत भरतो, कारण ती फुकट असते. कापडी झोळ्या द्याव्या, डोक्याला फडके बांधावे, पहिल्या वेच्याचा कापूस फरदडीत मिसळू नये, असे कृषिखाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. शेतकरी विचारतो, “स्वच्छ आणला तर भाव किती जास्त देता?” आणि तेथे सगळे गप्प होतात. त्याच्या गाडीचा भाव नजरेने ठरतो. मग ती गाडी अशा गंजीवर रिकामी होते, जेथे दहा गावचा कापूस एकत्र झालेला असतो. त्या गंजीतून निघालेल्या गाठीवर कितीही सुंदर खूण लावा, तिचा माग जिनपाशी थांबतो. ज्याने स्वच्छ आणला आणि ज्याने पिशवीचे धागे आणले, त्या दोघांना एकच भाव. आपल्याकडे म्हणतात ना, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. तसा हा सगळा नशिबाचा कारभार.

२००० साली केंद्र सरकारने कापसाचे तंत्रज्ञान मिशन सुरू केले. त्यात देशभरातील आठशेंहून अधिक जिन-प्रेस कारखान्यांचे नूतनीकरण झाले. सिमेंटचे ओटे झाले, कापूस हवेने किंवा पट्ट्याने नेण्याची सोय झाली, प्रयोगशाळा आल्या. हे काम मोठे होते. मातीत लोळणारा कापूस ओट्यावर आला. परंतु ओटे पुष्कळ असूनही गंजी एकच घालण्याची सवय गेली नाही. आम्हांस वाटते, हुशार देखरेखीचा पहिला उपयोग येथे व्हावा. गाडी दारात आली, की ओलावा आणि कचरा मोजावा. तो आकडा शेतकऱ्याच्या समोर, त्याला दिसेल असा पाटीवर यावा. आणि त्या आकड्याप्रमाणे निरनिराळे ढीग घालावे. पाच क्विंटल कापसाची साधारण एक गाठ होते. निदान गावागावाचे ढीग वेगळे ठेवले, तरी गाठीवरची खूण गावापर्यंत पोचेल. आणि स्वच्छ ढिगाच्या गाठीला गिरणीने जो अधिक भाव दिला, त्याचा ठरलेला वाटा मागे शेतकऱ्यास, आणि शेतकऱ्याकडून वेचणाऱ्या बाईस गेला पाहिजे. तो जाणार नसेल, तर कॅमेऱ्याचा पैसा गिरणीच्या आणि जिनच्या खात्यात जमा होईल, आणि धागे येतच राहतील.

मालक मंडळींपैकी काही येथे पुढे बसली आहेत. त्यांच्या मनातला प्रश्न आम्हांस ठाऊक आहे. कॅमेरा आला की या बायका कमी करता येतील काय? टोयोडाच्या मागाने एका माणसाला तीस-तीस माग सांभाळता येऊ लागले, हे खरे आहे. आणि त्यामुळे किती विणकर कमी लागले, हेही तितकेच खरे आहे. आम्ही ते झाकून ठेवणार नाही. पण टोयोडाचा माग धागा तुटला की थांबत असे, विणकराचे नाव वहीत टिपत नसे. पहारा कशावर ठेवावयाचा हे प्रथम ठरवा. पट्ट्यावर कॅमेरा लावून त्याचे तोंड हळूच वेचणाऱ्या बाईकडे वळविले, किती वेळ उठली, किती वेळ पाणी प्यायली हे मोजू लागलात, तर ती पुडी दिसूनही न दिसल्यासारखे करील, आणि तिचा काय दोष? आमच्या मते त्यांना पट्ट्यावरून उठवून गंजीपाशी, उजेडात, कापूस आत जाण्यापूर्वी बसवावे. तेथे वस्तू मोठी असते, वेळ असतो, आणि हाताला ओलावाही कळतो. पट्ट्यावरचा वेग कॅमेऱ्याने सांभाळावा. दोघांचा पहारा मिळून जे साधेल ते एकट्याने साधणार नाही.

ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही, त्यांनी येत्या हंगामासाठी एवढेच करावे. ओलावा मोजण्याचे एक साधन घ्यावे. मोटारींना विद्युत्प्रवाह दाखविणारे काटे बसवावे; बहुतेक ठिकाणी ते आहेतच, फक्त त्यांच्या काचेवरची धूळ पुसावी. दर तासाला आकडा लिहिण्यासाठी एक पाटी आणि तिच्यावर तीन रेषा. दसऱ्यापूर्वी दोनशे कापडी झोळ्या शिवून आपल्या गावच्या शेतकऱ्यांना उसन्या द्याव्या आणि गाडी रिकामी झाली की परत घ्याव्या. आणि प्रेसमध्ये गाठ बांधताना पाण्याची नळी मारण्याची सवय सोडावी. वजन वाढते ते दोन दिवस. आतली रुई पिवळी पडते ती कायमची, आणि त्याची कीर्ती आपल्या स्टेशनच्या नावावर जमा होते.

प्रश्नोत्तरांस अध्यक्षांनी वीस मिनिटे दिली आहेत, ती आम्ही खाऊ इच्छीत नाही. तो निळा तुकडा आम्ही जपून ठेवला आहे आणि आज बरोबर आणला आहे. टेबलावर दिव्याखाली ठेवतो. जाताना ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी हातात घेऊन उजेडात धरावा; रेघा डाव्या कडेपासून चार बोटांवर आहेत.